मागे म्हणायला कोणी

ट्रॅक्टरवाला: …तर तुम्ही मला दुसरं काहीही सांगा, मॅडम. गोदाम झाडायला सांगा, खताची पोती एकट्यानं उचलायला सांगा. पण पॉपलरच्या रांगेपलीकडे मी ट्रॅक्टर घालणार नाही.

मॅडम: नांगरायला सांगितलंय का मी? साडेनऊला समिती येणार. ते खळग्यातला गहू बघतील, वही बघतील, आणि मग ठरवतील ठेवायचा की मोडायचा. तुम्ही नांगर जोडून तयार राहायचं, एवढंच पत्रात आहे.

ट्रॅक्टरवाला: नांगर जोडला की नांगरणं आलंच. घोड्यावर खोगीर घातलं की बसणारा कुठून तरी येतोच.

मॅडम: भीती कसली वाटते तुम्हाला?

ट्रॅक्टरवाला: भीती नाही. आदर आहे.

मॅडम: कोणाचा?

ट्रॅक्टरवाला: सरांचा.

मॅडम: सरांना जाऊन अडीच महिने झाले.

ट्रॅक्टरवाला: तेच तर म्हणतोय.

मॅडम: नीट सांगा. मला कामं आहेत.

ट्रॅक्टरवाला: हसायचं नाही. तुम्ही शिकलेली माणसं आधी 'सांगा' म्हणता आणि मग हसता. सर डावा पाय जरा ओढायचे, त्यामुळं त्यांच्या गमबुटाची डावी टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली. बावीस वर्षं तो ठसा बघतोय मी. बायकोचा चेहरा एवढा निरखून बघितला नसेल. आता गोठलेल्या दवावर रोज सकाळी तोच ठसा उमटलेला असतो. या शेडच्या दारातून निघतो, खाली खळग्यात थर्मामीटरच्या पांढऱ्या पेटीपर्यंत जातो, आणि परत दारात येतो.

मॅडम: मीही बघितलाय.

ट्रॅक्टरवाला: बघितलाय? आणि बोलला नाहीत?

मॅडम: मला सरांच्या जागी येऊन बाराच दिवस झालेत. आल्या आल्या ठशांची चौकशी करणारी बाई म्हणून नाव करून घ्यायचं नव्हतं. मला वाटलं तुमचा असेल.

ट्रॅक्टरवाला: माझा? मी ट्रॅक्टरवरून उतरतो तो फक्त जेवायला. आणि आज तर कानांनी ऐकलं. समिती येणार म्हणून सहालाच आलो रस्ता साफ करायला. धुकं असं की इंजिनाचं नाक दिसेना. इंजिन बंद केलं, तर खळग्यातून आवाज. 'उणे दोन.' मग जरा थांबून पुन्हा, 'उणे दोन.' पहिला आवाज वेगळा, दुसरा वेगळा. दुसरा सरांसारखा, जड, शेवटी खाकरल्यासारखा. मला सांगा, इथं दुसरं कोण 'उणे' म्हणतं? आम्ही सगळे मायनस म्हणतो.

मॅडम: मग तुम्ही काय केलंत?

ट्रॅक्टरवाला: काय करणार. इंजिन चालू केलं आणि मोठ्यानं गाणं म्हणत मागे आलो.

मॅडम: मावशींना विचारलंत? सरांबरोबर बावीस वर्षं त्याच तर होत्या खळग्यात.

ट्रॅक्टरवाला: विचारलं. म्हणाल्या, 'कानांना वंगण घालून घे.' त्या बघा आल्याच. मी जातो. पण समितीला माझ्याकडून एवढं सांगा, की अर्धवट काम टाकून गेलेला माणूस घरी जात नसतो. नांगर जोडीन मी. बसणार नाही.

(ट्रॅक्टरवाला जातो. मावशी दारात पायांतले मोठे, झिजलेल्या टाचेचे गमबूट काढते, सरांचा कोट टांगलेल्या खिळ्याखाली सरळ लावून ठेवते, आणि काखेतली वही टेबलावर ठेवते.)

मावशी: काय म्हणत होता? पुन्हा सरच ना?

मॅडम: सरांच्या पायाचे ठसे दिसतात म्हणाला.

मावशी: बूट सरांचे, तर ठसे काय माझ्या मामाचे उमटतील? माझ्या उजव्या बुटाला इथं चीर आहे, पाणी आत येतं. ऑफिसात तीनदा सांगितलं, तीनदा लिहून घेतलं त्यांनी. आणि हे इथं खिळ्याखाली नुसते बसून. रिकामे बूट बघवत नाहीत, बाई. असं वाटतं माणूस आत उभं आहे आणि आपल्यालाच तेवढं दिसत नाही. त्यापेक्षा घालून टाकावे.

मॅडम: मग त्याला सांगून टाकायचं.

मावशी: त्याला घाबरायचं होतं. माणसाच्या सुखाच्या आड येऊ नये.

मॅडम: बसा, मावशी.

मावशी: बसा म्हणालात म्हणजे काहीतरी आहे. सरांचंही असंच. उभं ठेवलं तर काम, बसवलं तर बोलणं.

मॅडम: ही वही. बारा दिवस मी ती कॉम्प्युटरवर उतरवतेय. हे अक्षर मी ओळखते. माझ्या प्रबंधाच्या पानापानावर होतं, लाल शाईत. दोनचा आकडा बदकासारखा, शेपटी वर केलेली. 'ढगाळ'मधला ढ पोट सुटल्यासारखा. ही सर गेले ती तारीख. तिच्यापुढचा चौकोन रिकामा आहे. आणि दुसऱ्या दिवसापासून, मावशी, पुन्हा तेच अक्षर. उणे चार, ढगाळ. उणे पाच, वारा नाही. अडीच महिने. सगळी बदकं शेपट्या वर करून. पहिल्या संध्याकाळी मी वही कपाटात ठेवून कुलूप लावलं. सकाळी उघडलं तर त्या दिवसाची ओळ लिहिलेली.

मावशी: एक किल्ली माझ्याकडे असते.

मॅडम: ते मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर तीन रात्री मी दिवा लावून झोपले.

मावशी: आणि त्याला हसत होतात.

मॅडम: हसले कुठे. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढलीत. मला तर ते जिवंत असतानाही पाठीमागे उभे आहेत असंच वाटायचं.

मावशी: माझं अक्षर आहे ते, बाई. म्हणजे त्यांचंच, माझ्या हातातलं. मला दुसरं अक्षर नाही. मी इथं आले तेव्हा कोरी होते. पहिल्याच वर्षी एवढा बर्फ पडला की महिनाभर शेतात पाय ठेवता येईना. तेव्हा या टेबलापाशी त्यांनी शिकवलं. पुस्तक नाही, पाटी नाही, ही वही. त्यांनी लिहायचं, मी वरून पेन्सिल फिरवायची. आधी आकडे. मग उणे. मग ढगाळ, निरभ्र, धुकं, वारा, दव, बर्फ. उन्हाळा आला तसे कोंब, पान, पिवळं, मेलं. वहीत जेवढे शब्द तेवढेच मला लिहिता येतात. साठ-पासष्ट असतील. मागे नातीनं हट्ट धरला, आजी मला पत्र लिही. मी लिहिलं, 'आज निरभ्र. वारा नाही. कोंब दिसला.' म्हणाली, पत्र छान आहे, पण तुझं काय चाललंय ते कळत नाही. मी म्हटलं, अगं हेच चाललंय.

मॅडम: स्वतःचं नाव येतं का लिहायला?

मावशी: ते वहीत कधी आलं नाही.

मॅडम: आणि ते दोन आवाज?

मावशी: ऐकलं वाटतं त्यानं. अहो, नियमच आहे ना. पेटी उघडणाऱ्यानं आकडा पुकारायचा, वहीवाल्यानं मागे म्हणायचा, मग लिहायचा. मागे म्हटल्याशिवाय आकडा पक्का नाही. तुम्हालाही हेच शिकवलं असेल.

मॅडम: हेच शिकवलं.

मावशी: बावीस वर्षं मी पुकारलं आणि त्यांनी मागे म्हटलं. आता दोन्ही माझ्याकडे आलंय. पुकारते माझ्या आवाजात, मागे म्हणते त्यांच्या. माझ्याच आवाजात दोनदा म्हटलं तर फसवल्यासारखं वाटतं.

मॅडम: हे सगळं मी समजून घेईन. समिती घेईल की नाही ठाऊक नाही. वहीत पदवीधरानंच लिहायचं असा कागद आहे तिथं भिंतीवर.

मावशी: माहीत आहे कागद. वाचता येत नाही, पण काय म्हणतो ते माहीत आहे.

मॅडम: पण मी बसवलं ते त्यासाठी नाही. मी बसवलं ते या तीन चौकोनांसाठी. सर गेले त्याच्या आधीचे तीन दिवस. उणे तीन. उणे दोन. उणे तीन. आणि पहिल्याच्या पुढे शेरा, 'हवा मोकळी. ऊब.' मावशी, बावीस वर्षांच्या वह्या मी चाळल्या. 'ऊब' हा शब्द दुसरीकडे कुठेच नाही.

मावशी: चहा टाकू का?

मॅडम: नको. ऐका. खळग्यात आता दोनच गहू आहेत. सरांचा तेवीस नंबर, आणि शेजारी तुलनेसाठी पेरलेला जुना वाण. जुना वाण उणे आठपर्यंत तग धरतो, त्याखाली गेलं की मरतो. मागच्या वह्यांत तसं दोनदा लिहिलेलं आहे. यंदा तो शंभरातला शंभर मेला. तेवीस निम्मा जगला. आणि या वहीत अख्ख्या हिवाळ्यात उणे सातच्या खाली एकही आकडा नाही. मग मेला कशानं?

मावशी: तुमच्या त्या टेकडीवरच्या यंत्राला विचारा.

मॅडम: विचारलं. ते उणे पाच सांगतं. टेकडीवर थंडी थांबतच नाही, उताराला लागते आणि खाली खळग्यात येऊन साचते. म्हणून तर सरांनी खळगा मागून घेतला होता. तिथली खरी थंडी फक्त आपल्या पेटीला ठाऊक, आणि पेटीचं फक्त वहीला. समितीचा नियम तुम्हाला माहीत आहे. गहू पास व्हायला तीन कडक हिवाळे लागतात, उणे दहाच्या खालचे. दोन झाले. हा तिसरा, आणि शेवटचा, कारण पुढच्या वर्षी खळग्यात इमारत उभी राहणार. ही वही अशीच समितीपुढे ठेवली तर ते म्हणणार, हिवाळा साधा होता, आणि साध्या हिवाळ्यात तुमचा तेवीस निम्मा गेला. कच्चा गहू. साडेनऊला ठरेल, दुपारी नांगर फिरेल. आता सांगा. त्या तीन दिवशी पेटी कोणी उघडली?

मावशी: तुम्हाला काय वाटतं?

मॅडम: मला वाटतं कोणीच नाही. कोणीतरी बसल्या जागी चौकोन भरले.

मावशी: भरणारी मी.

मॅडम: का, मावशी?

मावशी: लाल टोपी.

मॅडम: काय?

मावशी: लाल टोपी होती तुमची. लोकरीची, वर गोंडा. आल्या दिवशीच ओळखलं मी तुम्हाला. तुम्ही जुनी ओळख दाखवली नाहीत, म्हणून मीही गप्प. तुमचाही असाच एक चौकोन होता.

मॅडम: सोळा वर्षं झाली त्याला.

मावशी: सतरा. त्या वर्षी हिवाळा लवकर आला होता.

मॅडम: एक सकाळ. चार वर्षांतली एक. डोळा लागला, उठले तर साडेसात. बाहेर बादलीवरचा बर्फ बोटानं दाबून बघितला, केवढा जाड आहे ते, आणि लिहिलं उणे सहा. सरांनी एवढंच विचारलं, 'पेटी उघडली?' खोटं बोलता आलं नाही. वर्ष गेलं माझं. सगळा हिवाळा पुन्हा. 'रिकामा चौकोन चालतो, खोटा चालत नाही.' अजून ऐकू येतं. भाजीत मीठ अंदाजानं टाकते तेव्हासुद्धा ऐकू येतं.

मावशी: उणे सहाच होतं.

मॅडम: कधी?

मावशी: त्या दिवशी. तुम्ही दिसला नाहीत म्हणून सर आणि मी गेलो पेटीकडे. मी पुकारलं, त्यांनी मागे म्हटलं. उणे सहा.

मॅडम: म्हणजे माझं बरोबर होतं.

मावशी: बरोबर होतं म्हणून तर जास्त चिडले. म्हणाले, 'चुकली असती तर एकदाच शिकली असती. बरोबर आलं, आता आयुष्यभर अंदाज करत बसेल.'

मॅडम: सतरा वर्षांत मला कोणी हे सांगितलं नाही.

मावशी: त्यांनी मला बजावलं होतं. मला वाईट वाटलं तुमचं. टोपी इथंच विसरून गेलात. पुष्कळ दिवस त्या खिळ्यावर होती. मग उंदरांनी नेली.

मॅडम: माझ्या एका चौकोनासाठी वर्ष घेतलं त्यांनी. आणि त्यांच्या वहीत हे तीन.

मावशी: बरं वाटतंय का तुम्हाला?

मॅडम: वाटलं. चौकोन सापडले तेव्हा, पाच मिनिटं. मग नाही वाटलं.

मावशी: खरं बोललात. आता मीही बोलते. त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा घरचं माणूस जवळ नव्हतं. मुलगी यायला निघालेली, विमानांच्या घोळात कुठेतरी अडकलेली. मी म्हटलं, ती येईपर्यंत बसते. ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं, पेटी बघ. म्हणाला, काचेतलं मला वाचता येत नाही आणि खळग्यात चाक रुतेल. पायांनी जायचं असतं हे त्याच्या लक्षातच आलं नाही. वही मी बरोबर नेली होती, कारण सरांना जुने आकडे वाचून दाखवलेले आवडायचे. इतरांना बातम्या लागतात, त्यांना गेल्या वर्षीचं दव. मी म्हटलं, सर, उद्याचा चौकोन रिकामा राहणार. म्हणाले, 'राहू दे. रिकामा चालतो.'

मॅडम: असं म्हणाले?

मावशी: शुद्धीवर होते तेव्हा. मग ताप चढला. सकाळी सहाला, बाई, त्या खोलीत घड्याळ नव्हतं पण बरोबर सहाला, त्यांनी अंगावरचं पांघरूण बाजूला केलं. हात असा वर नेला, कडी काढतात तसा. दार उघडल्यासारखं केलं, वाकून बघितलं. एक डोळा बारीक करून. आणि पुकारलं. 'उणे तीन. हवा मोकळी. ऊब आहे.'

मॅडम: त्यांनी पुकारलं.

मावशी: बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पुकारलं, आणि वही माझ्या मांडीवर. पुकारलं की मागे म्हणायचं. मागे म्हटलं की लिहायचं. माझ्या हाताला दुसरं काही येतच नाही. मी म्हटलं 'उणे तीन', आणि लिहिलं. तेव्हा हसले. माझ्याकडे बघून नाही, वहीकडे बघून. मग दार लावलं, आणि पडून राहिले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी हात वर जाईना, तर मी आधार दिला.

मॅडम: ते पेटीपाशी नाहीत हे तुम्हाला कळत होतं.

मावशी: मला कळत होतं. त्यांना नव्हतं. मी मागे म्हटलं नसतं तर ते तिथंच उभे राहिले असते. थंडीत, हातात कडी धरून, कोणी मागे म्हणतंय का याची वाट बघत. तुम्ही ठेवलं असतं तसं उभं?

मॅडम: नाही.

मावशी: 'ऊब' मला येत नव्हता. उण्यातला उ घेतला आणि बर्फातला ब.

मॅडम: …चौथ्या दिवशी?

मावशी: चौथ्या दिवशी गेले. सहाच्या आधी. मुलगी आली, तिला खुर्ची दिली आणि मी निघाले. दुसरीकडे जायचं सुचलं नाही, इकडेच आले. खळग्यात उतरले तर गव्हाची पानं पायाखाली काचेसारखी मोडत होती. मी पेटी उघडली. आतली काडी तुम्हाला ठाऊक आहे. पारा वर चढला तरी काडी सगळ्यात खालच्या जागीच थांबते, कोणी चुंबकानं सोडवेपर्यंत. तीन दिवस तिला सोडवणारं कोणी नव्हतं. मधल्या चार रात्रींतल्या कुठल्या तरी एका रात्री ती खाली जाऊन बसली होती.

मॅडम: कुठे?

मावशी: पुकारलं मी. चांगलं मोठ्यानं पुकारलं. मागे म्हणायला कोणी नव्हतं. थांबले. पुष्कळ वेळ थांबले, बाई. पॉपलरवरून बर्फाचा एक लगदा पडला, तेवढाच आवाज. मग काडी सोडवली, आणि चौकोन रिकामा ठेवला. मागे न म्हटलेला आकडा लिहायचा नसतो.

मॅडम: मला सांगा तो आकडा.

मावशी: सांगितला तर काय कराल?

मॅडम: या तीन चौकोनांवर काट मारीन. चौथ्यात तो आकडा लिहीन, चार रात्रींतला सगळ्यात खालचा म्हणून.

मावशी: म्हणजे सरांवर काट. त्यांनी बावीस वर्षांत एक आकडा खोटा लिहिला नाही असं अख्खं विद्यापीठ म्हणतं. उद्यापासून म्हणतील, म्हातारा शेवटी अंदाजानं भरायला लागला होता. मेलेल्या माणसाला उठून सांगता येत नाही.

मॅडम: आणि नाही सांगितला तर दुपारी नांगर. मी फसवणार नाही तुम्हाला. सांगितला तर वही कोणाच्या हातची तेही सांगावं लागेल. तुमच्यावर येईल. मी मध्ये उभी राहीन, पण माझं किती ऐकतील ते मला माहीत नाही.

मावशी: माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत. माझ्याकडून काय नेणार ते, चिरलेले बूट? ते नव्हे. तेवीस बघितलात का आज?

मॅडम: काल संध्याकाळी बघितला.

मावशी: आजचा बघायचा. मेलेल्या झाडांच्या मधून नवीन पान आलंय, करंगळीच्या नखाएवढं. शंभरातली अठ्ठेचाळीस. पहिल्या ओळीतलं सातवं तर मी मेलं म्हणून लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं पान काढलं. मी त्याची माफी मागितली.

मॅडम: मागितलीत?

मावशी: मग काय. 'मेलं' मीच लिहिलं होतं ना. त्यावर एक रेघ मारली आणि पुढे 'कोंब' लिहिलं. रेघ मारल्यावर बरं वाटलं. एक सांगू का? ट्रॅक्टरवाल्याला मी हसते. ठसे माझे, आवाज माझा, सगळं मला माहीत. तरी पेटीकडून परत येताना रोज मागे वळून बघते. कोणीतरी तिथं थांबलंय असं वाटतं. चार पावलं मागे, धुक्यात. माझी चाल थांबली की त्याचीही थांबते. मला वाटायचं, ते त्यांच्या उणे तीनची राखण करत थांबलेत, कोणी मोडू नये म्हणून. आणि मीही राखत होते. अडीच महिने.

मॅडम: आणि आता?

मावशी: आता वाटतं, उलटं तर नसेल? कोणीतरी रेघ मारावी म्हणूनच तिष्ठत असतील. शुद्धीवर असताना त्यांनी मला सांगितलं होतं, रिकामा चालतो. मी ते ऐकलं नाही. तापातलं तेवढं ऐकलं.

मॅडम: खोडायचं नाही, मावशी. एक सरळ रेघ. खालचं दिसलं पाहिजे.

मावशी: हेही त्यांचंच.

मॅडम: हेही त्यांचंच. खालचं सगळं दिसेल. शेजारी मी कारण लिहीन. आजारी असताना…

मावशी: 'आजारी' नको. 'मोजणारा जागेवर नव्हता' एवढंच लिहा. तेवढं खरं आहे ना?

मॅडम: तेवढं अगदी खरं आहे.

मावशी: पट्टी द्या. रेघ मी मारते, माझ्या हातानं लिहिलंय. हा एक. हा दोन. हा तीन. …'ऊब'वरही मारू का गं?

मॅडम: 'ऊब' हा आकडा नाही. राहू दे.

मावशी: राहू दे. बरं झालं.

मॅडम: आता हा चौथा. इथं शेवटी 'वाचणारा' असा रकाना आहे. आकडा ज्यानं वाचला त्याचं नाव लागतं. मी पेन्सिलनं फिकट लिहिते, तुम्ही वरून फिरवा.

मावशी: हे माझं?

मॅडम: तुमचं.

मावशी: एवढंसंच? 'ढगाळ'पेक्षाही लहान आहे की. आणि यातली सगळी अक्षरं मला येत होती. बघ ना, हे दवातलं, हे वाऱ्यातलं. बावीस वर्षं येत होती.

मॅडम: फिरवा. घाई नाही.

ट्रॅक्टरवाला: (दारातून) मॅडम, वरच्या रस्त्याला समितीच्या दोन गाड्या दिसल्या. नांगर जोडलाय. तेवढंच म्हणालो होतो, तेवढंच केलंय. इंजिन चालू करू की नको?

मॅडम: नको. त्यांना सांगा पाच मिनिटं थांबा, आमचं मोजमाप चालू आहे.

ट्रॅक्टरवाला: आत? पेटी तर खाली आहे. आणि मावशे, तू… हे बूट ओले कसे?

मावशी: तू जा रे बाबा. कानांना वंगण लाव. संध्याकाळी सांगते तुला सगळं, भीती जाईल. जाऊ दे वाटलं तर.

मॅडम: वही माझ्या मांडीवर आहे, मावशी. पुकारा.

मावशी: इथं बसून? माझा आवाज निघेल का कोणास ठाऊक. तिथं उभं राहून पुकारायची सवय.

मॅडम: तिथं तुम्ही एकदा उभ्या राहिलात. ते पुरे आहे.

मावशी: त्यांच्यासारखं म्हणू नकोस हं मागे. तुझ्या आवाजात म्हण.

मॅडम: माझ्याच आवाजात म्हणते.

मावशी: उणे अकरा.

मॅडम: उणे अकरा.